आईची लोकल, प्लॅटफॉर्म क्रमांक पाचवर

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांचा चौथा वाढदिवस मी मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिला. म्हणजे मी काही परदेशात वगैरे नव्हते हं! मी होते कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये, फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात, दाराशी, एका हाताने वरची कडी धरून. सहाला संपणारा क्लायंट कॉल सव्वासातला संपला आणि पुढचं सगळं गणित कोसळलं. ठाण्यात घरी जमलेली पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा सासूबाईंनी केक कापून घेतला. बेकरीतून मागवलेला, वर खाण्याच्या कागदावर छापलेला स्पायडरमॅन. नेटवर्क गेलं तेव्हा मेणबत्ती विझायची होती. आलं तेव्हा स्पायडरमॅनचा एकच पाय उरला होता.

म्हणून यंदा मार्चमध्येच मी जाहीर केलं, की केक मी करणार. घरी. स्वतः. शुक्रवारची रजा टाकली. बॉसने लॅपटॉपवरून नजर वर करून विचारलं, "केकसाठी?" मी म्हटलं, "हो. डिलिव्हरेबल आहे."

मग क्लायंटला, म्हणजे चिरंजीवांना, रिक्वायरमेंट विचारली. माझा अंदाज होता डायनासोर, नाहीतर एखादा सुपरहिरो, फार तर जेसीबी. तो म्हणाला, "लोकल."

"कुठली लोकल?"

"तू येतेस ती. जांभळी-पांढरी. आणि ती वेळेवर यायला हवी."

यावर काय बोलणार? मी "बरं" म्हटलं आणि वही उघडली.

आधी कोटेशन, मग घाम

खोटं कशाला बोलू, पहिला फोन मी केक करून देणाऱ्या एका ताईंनाच केला. थ्रीडी लोकल, संपूर्ण फॉन्डंटची, किमान तीन किलो. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात माझे फर्स्ट क्लासचे कित्येक महिन्यांचे पास निघाले असते. आता मला कळतंय, की तो आकडा अजिबात जास्त नव्हता. खिडक्या कापण्यातच माणसाचा अर्धा दिवस जातो. पण तेव्हा मी बाणेदारपणे फोन ठेवला आणि रील्स बघायला लागले. रीलमध्ये लोकल तीस सेकंदांत तयार होते. तिथे कुणाचाच घाम ओघळत नाही आणि कुणाच्याच फ्रिजमध्ये उद्याची भाजी नसते.

आता हे फॉन्डंट म्हणजे काय, तर साखरेची कणीक. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि पारंपरिक कृतीत जिलेटिन. लाटायची, केकवर चादरीसारखी पसरायची. दिसते झकास, पण तिचे तीन प्रॉब्लेम आहेत. एक, साखर हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे आपल्या किनारपट्टीच्या हवेत ही चादर चिकट होते, आणि फ्रिजमधून बाहेर काढली की तिला अक्षरशः दरदरून घाम फुटतो. दोन, जिलेटिन प्राण्यांपासून येतं. आमच्या मजल्यावर निम्मी घरं शाकाहारी, त्यामुळे लेबल वाचूनच आणावं लागतं. आणि तीन, मुलं ते खातच नाहीत हो! सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात, पपईच्या सालासारखं.

मेलबर्नहून आलेला मंत्र

माझी सुटका केली मेलबर्नच्या मावसबहिणीने. लग्नानंतर ती तिकडे गेली, तिथेच तिच्या मुली झाल्या. मी रडगाणं गायला फोन केला, तर ती हसतच सुटली. म्हणाली, "अगं, इथे प्रत्येक आई लोकलच करते! फक्त तिला चू-चू ट्रेन म्हणतात."

झालं असं, की 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' या मासिकाने १९८० साली मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर आगगाडीचा केक. त्या पुस्तकाने तिकडच्या दोन-तीन पिढ्यांचे वाढदिवस साजरे केले आहेत. पोरं आदल्या महिन्यापासून ते पुस्तक मांडीवर घेऊन पानं उलटतात आणि आयांच्या पोटात गोळा येतो. त्यातलं बदक तर फारच प्रसिद्ध. डोक्यावर पॉपकॉर्नचा तुरा आणि चोच चक्क बटाट्याच्या वेफर्सची. 'ब्लूई' हे कार्टून तुमच्या घरात चालू असेल, तर २०२० च्या एका भागात बाबा लेकीसाठी जे बदक करताना मेटाकुटीला येतो, ते हेच.

पुस्तकाची गंमत कशात आहे, तर त्यात कोरीवकाम जवळजवळ नाही. साधा केक घ्यायचा, चौकोनी तुकडे कापायचे, क्रीम लावायचं आणि उरलेलं सगळं काम वाण्याच्या दुकानातल्या बिस्किटं-गोळ्यांकडून करून घ्यायचं. बहीण म्हणाली, "बेकरीसारखा करायला जाऊ नकोस. हरशील. घरासारखा कर."

हे वाक्य मी वहीत वरच्या ओळीत लिहून ठेवलं. मग मी आणि चिरंजीव वाण्याकडे गेलो, ते खरेदीला नाही, तर ऑडिशनला. बर्बन बिस्किट हातात घेतलं आणि तो ओरडला, "दरवाजा!" गोल क्रीमची बिस्किटं झाली चाकं. वेफर बिस्किटं म्हणजे रुळांखालचे स्लीपर, चॉकलेटच्या लांब काड्या म्हणजे रूळ. खडीसाठी काळी बिस्किटं कुटून. सिग्नलसाठी जेम्स: लाल, पिवळी, हिरवी. तासाभरात गाडीचं डिझाइन फायनल. इतकी झटपट मंजुरी मला ऑफिसात आजवर मिळालेली नाही.

तीन डबे, तीन ट्रे

लोकल बारा डब्यांची असते, हे मला चिरंजीवांनी ऐकवलं. मी तीनवर सौदा केला. प्रत्येक डबा ८ बाय ४ इंचाच्या ब्रेडच्या टिनमधला. एका टिनला दीडशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम लोणी, दीडशे ग्रॅम साखर, तीन अंडी, एक चमचा बेकिंग पावडर. जुना पाउंड केकच, सगळं समसमान. हलका स्पंज मी मुद्दाम टाळला. तो खायला छान, पण कापायला गेलं की कोसळतो, आणि बिस्किटांच्या वजनाने बसतो. पाउंड केक घट्ट असतो, दोन-तीन दिवस राहतो, म्हणजे तो आधी भाजून ठेवता येतो. १६५ अंशांवर साधारण ४५ ते ५० मिनिटं. सुरी कोरडी बाहेर आली, की झालं.

मधला डबा बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्क आणि दही घालून केलेला. तो ओळखू यावा म्हणून टपावर एक हिरवी जेम्स. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यासारखी. शेजारच्या काकूंनी तो ठिपका बघून जी मान डोलावली, ती मला मिळालेली पहिली दाद.

आता एक कबुली. हे सगळं कागदावर मांडून झाल्यावर नवऱ्याने शांतपणे विचारलं, "अगं, पण ही दोन फुटांची गाडी ठेवणार कुठे?" फ्रिज मोजला. कप्पा दीड फुटाचा. मंडळी, केक भाजण्याआधी फ्रिज मोजा, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे. मग प्रत्येक डब्याला स्वतंत्र पुठ्ठा कापला, त्यावर फॉइल गुंडाळलं. डबे वेगवेगळे ट्रेमध्ये राहिले आणि जोडणी टेबलावर, शेवटी.

पांढरा रंग नावाचा छळ

बुधवारी रात्री ट्रायल घेतली. बटरक्रीम म्हणजे लोणी आणि त्याच्या दुप्पट पिठीसाखर, फेटून हलकी केलेली. पुस्तकात छान दिसतं. पण लोणी तिशीच्या पुढच्या तापमानात विरघळायला लागतं, आणि एप्रिलमधलं आमचं स्वयंपाकघर त्याच्या पुढेच असतं. अर्ध्या तासात वाटीतलं क्रीम आमटीसारखं वाहायला लागलं. मग टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम फेटायला घेतलं. ते फुगेचना. नंतर पाकीट वाचलं. त्यात स्निग्धांश २५ टक्के, आणि फेटून उभं राहायला तो ३० च्या वर लागतो. दहा मिनिटं मिक्सर फिरवून मला मिळालं ते नुसतं फेसाळलेलं दूध.

शेवटी गनाश. पांढरं कंपाउंड चॉकलेट तीन भाग, क्रीम एक भाग. तीन डब्यांना पाऊण किलो चॉकलेट आणि पाव किलो क्रीम पुरलं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. चवीला खरं चॉकलेट केव्हाही वरचढ, पण हे उन्हाळ्यात टिकून राहतं. चॉकलेट बारीक चिरायचं, त्यावर कडकडीत गरम क्रीम ओतायचं, दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळत जायचं. रात्रभर ठेवलं, की सकाळी पीनट बटरसारखं दाट होतं. जेवढ्या क्रीमने फसवलं होतं, तेवढंच इथे कामी आलं. गनाशला फेटायची गरज नसते ना!

लावायचं दोन हातांत. पहिला हात अगदी पातळ, नुसता चुरा धरून ठेवण्यापुरता. रंगारी भिंतीला प्रायमर मारतात ना, तसा. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग दुसरा जाड हात. गरम पाण्यात बुडवून पुसलेली सुरी फिरवली, की चकचकीत.

राहिला जांभळा. लाल आणि निळा मिसळला की जांभळा, हे आपण चौथीत शिकलो. पण पांढरं गनाश खरं तर पिवळसर असतं, आणि पिवळ्यात जांभळा गेला की होतो चिखल. मी वाटीभर चिखल घेऊन बाहेर आले, तर सासरे पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, हा तर आमच्या वेळच्या लोकलचा रंग! पिवळी-तपकिरी असायची बघ. तीच कर." बाबांनी तीस वर्षं त्या गाडीने नोकरी केली. त्यांचे डोळे चमकले होते. पण चिरंजीव ठाम. "आबा, त्या गाडीत आई नव्हती."

मग तोडगा निघाला. जांभळ्या रंगाचं तयार फॉन्डंट, फक्त पाव किलो. त्याच्या पट्ट्या कापून डब्याच्या अंगाला. तेही शेवटच्या तासात, म्हणजे घाम फुटून रंग पांढऱ्यावर ओघळायला नको. रंग विकत घेणार असाल, तर एक सांगून ठेवते. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे, एक हिरवा. बाजारातली सुटी पुडी घेऊ नका. लेबल आणि परवाना क्रमांक बघून घ्या. आणि पातळ रंगापेक्षा जेलचा घ्या, थेंबभर पुरतो आणि क्रीम सैल होत नाही.

उलटं टाइमटेबल

प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये आपण डेडलाइनपासून मागे येतो, तसंच केकचं. पार्टी शनिवारी सहाला, तर माझं वेळापत्रक असं ठरलं.

गुरुवार रात्र: तिन्ही केक भाजून, गार करून, गुंडाळून फ्रिजमध्ये. गार केक कापताना चुरा कमी होतो. त्याच रात्री गनाश करून झाकून ठेवायचं.

शुक्रवार: वरचे फुगवटे कापून डबे सपाट. पुढच्या डब्याच्या तोंडाला थोडा उतार. पहिला हात, दुसरा हात, सुरी. टपावरचा पेंटोग्राफ म्हणजे वितळवलेल्या चॉकलेटची नक्षी. बटर पेपरवर काढायची, फ्रिजमध्ये घट्ट झाली की अलगद उचलायची. चार काढा, दोन मोडतात.

शनिवार दुपार, तीनच्या पुढे: खडी, रूळ, पट्ट्या, दारं, खिडक्या, जेम्स. याच क्रमाने आणि याआधी नाही. बिस्किटं ओल्या गनाशवर काही तासांत मऊ पडतात आणि जेम्सचा रंग सुटतो.

आणि आतमध्ये टूथपिक कुठेच नाही. पाच वर्षांची मुलं केक कापत नाहीत, केकवर तुटून पडतात.

साडेतीनचा कॉल

शनिवारी दुपारी सगळं रुळावर होतं. रूळ अंथरले, खडी पसरली, डबे जोडले, पट्ट्या लागल्या, दारंही लागली. फक्त खिडक्या उरल्या होत्या. चॉकलेटच्या वडीचे छोटे चौकोन, एका बाजूला सहा-सहा. आणि साडेतीनला फोन वाजला. ऑफिस. "फक्त दहा मिनिटं, तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. चिरंजीवांनी बघितलंच नाही. तो जेम्सचे रंग वेगळे करत बसला होता. खरं सांगू, ते त्याचं न बघणं जास्त लागलं. म्हणजे त्याला हे सवयीचं झालंय. मी हात धुतले, बेडरूमचं दार लोटलं.

दहा मिनिटांची चाळीस झाली. मध्ये एकदा म्यूट करून बाहेर डोकवावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. तापमान चौतीस-पस्तीस असेल, गनाश मऊ झालं असेल, खिडक्या आता बसणार नाहीत, सहाला पोरं येणार. कॉल संपला तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते.

बाहेर आले, तर आबा आणि नातू टेबलाशी, पंखा बंद, दोघांची जीभ बाहेर. खिडक्या लागल्या होत्या. सहाच्या जागी आठ, काही तिरक्या, एक तर चक्क दरवाजावर. गनाश मऊ होतं म्हणूनच त्या छान रुतल्या होत्या. आणि प्रत्येक खिडकीत एकेक जेम्स. माणसं! पुढच्या डब्यात सगळ्या रंगांची खिचडी, आणि मागच्या डब्यात निवडून निवडून फक्त गुलाबी.

"हा लेडीज डबा," आबांनी माहिती पुरवली.

त्या डब्याच्या दारात, बर्बन बिस्किटाला चिकटवलेली, एक गुलाबी जेम्स एकटीच होती.

"ती कोण रे?"

"तू. दारात उभी आहेस."

मी खिडक्या सरळ करायला सुरी उचलली होती, ती तशीच खाली ठेवली.

गाडी आली हो

सहाला पोरं आली. आमच्या मजल्यावरची सात, शाळेतली पाच. केकभोवती अशी गर्दी, की ठाणे स्टेशन परवडलं. नवऱ्याने नाकात बोलून अनाउन्समेंट केली, "प्लॅटफॉर्म क्रमांक पाचवर येणारी गाडी..." पोरं किंचाळली. काकूंनी हिरवा ठिपका शोधला. बाबा सगळ्यांना सांगत होते, की बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली, १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे एप्रिल हा लोकांच्या नाही, गाड्यांच्या वाढदिवसाचा महिना.

मेणबत्त्या लावल्या आणि नेमका मधला डबा रुळावरून सरकला. गनाश शेवटी उन्हाळ्यापुढे थोडं नमलंच. जोडणीची काडी टुपकन मोडली. मी श्वास रोखला. चिरंजीव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सिग्नल नाही मिळाला. थांबा सगळ्यांनी." आणि सगळी पोरं खरंच थांबली.

मी सुरी त्याच्या हातात दिली. त्याने ती मागच्या डब्यावर नेली, मग परत घेतली. दारातली गुलाबी जेम्स दोन बोटांनी अलगद काढली आणि खाली पुठ्ठ्यावर, रुळांच्या शेजारी, ठेवली.

"उतरलीस," तो म्हणाला. "आता काप."

कापला. वीस मिनिटांत तिन्ही डबे संपले, रुळांसकट. बेकरीच्या केकशी तुलना कुणी केली नाही. तिरक्या खिडक्यांवरून मात्र मारामारी झाली, सगळ्यांना त्याच हव्या होत्या.

आणि ती गुलाबी जेम्स? मी ती जपून ठेवावी म्हणून उचलायला गेले, तोवर त्याने ती तोंडात टाकलेली होती. पाच वर्षांचा आहे तो. भावूक वगैरे होणं हे माझ्या डिपार्टमेंटचं काम.

सोमवारी बॉसने विचारलं, "कसा झाला केक?" मी म्हटलं, "गाडी वेळेवर आली." आणि पुढच्या एप्रिलमधला तो शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस कॅलेंडरवर ब्लॉक करून टाकले. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, मेगाब्लॉक.